मेकाँगच्या पाण्यावर ज्येष्ठांचा एक दिवस

व्हिएतनामच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ हमखास असते: ‘मेकाँग त्रिभुज प्रदेशाची एक दिवसाची सफर, होडीतून भ्रमंती, स्थानिक भोजन व हस्तकला.’ ज्या घरातून ७५ वर्षांच्या आई किंवा वडील या सहलीला निघालेले असतात, त्या घरातली चर्चा नेमकी याच ओळीपाशी येऊन अडते. होडी म्हटले की मुलांच्या पोटात गोळा येतो. ‘त्या दिवशी आई हॉटेलवरच विश्रांती घेईल’ असे परस्पर ठरून जाते आणि मग त्या निर्णयावर शिक्कामोर्तब करून घेण्यासाठी मंडळी माझ्यासारख्या डॉक्टरांकडे येतात. आई शेजारच्या खुर्चीत बसलेली असते. तिला काय वाटते, हे बहुधा कोणी विचारलेले नसते.

असे शिक्कामोर्तब मी सहसा करीत नाही. व्हिएतनामच्या आठवडाभराच्या कार्यक्रमात ज्येष्ठांसाठी खरे अवघड दिवस दुसरेच असतात. कु ची येथील युद्धकालीन भुयारांत कंबरेतून वाकून चालावे लागते. हा लाँगच्या उपसागरातील गुहा पाहायच्या तर पायऱ्याच पायऱ्या. मेकाँगचा मुलूख मात्र तळहातासारखा सपाट आहे. दिवसाचा मोठा भाग बसूनच जातो: बसमध्ये, होडीत, झाडाखालच्या बाकावर. पाहायचे असते ते नारळाचे आणि तांदळाचे काम, जे आपल्याकडच्या आजीला नातवंडांपेक्षा अधिक कळते. जोखीम आहे, हे मी नाकारीत नाही. पण ती सबंध दिवसावर पसरलेली नाही. ती चार-पाच ठिकाणी गोळा झालेली आहे आणि ती ठिकाणे आधीच ठाऊक असली, तर बाकीचा दिवस निर्धास्तपणे उपभोगता येतो.

नऊ ड्रॅगनांचा मुलूख

मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते आणि चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया असा ४,००० किलोमीटरहून अधिक प्रवास करून व्हिएतनाममध्ये शिरते. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हपाशीच तिचे फाटे फुटतात. पुढे ते आणखी विभागत समुद्राला मिळतात. व्हिएतनामी माणसे या नदीला ‘कुउ लाँग’ म्हणजे ‘नऊ ड्रॅगन’ म्हणतात, तिच्या परंपरेने मानलेल्या नऊ मुखांवरून. त्यांतली काही मुखे आता बुजली आहेत, नाव मात्र राहिले आहे. व्हिएतनाममधला हा त्रिभुज प्रदेश सुमारे ४०,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक-अष्टमांश. त्या देशाचा निम्म्याहून अधिक तांदूळ इथे पिकतो.

आपल्या राज्याला त्रिभुज प्रदेश नाही. कोकणातल्या नद्या सह्याद्रीवरून उतरतात आणि थोड्याच अंतरावर खाडीत मिसळतात. गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मते खरी, पण तिने आणलेल्या गाळाचे वैभव पार आंध्रात, कोनसीमेच्या नारळबागांत साठते. त्यामुळे जमीन कुठे संपते आणि नदी कुठे सुरू होते हे कळू नये, असा देखावा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसतो.

आणखी एक गोष्ट तरुण मंडळींच्या ध्यानात येत नाही. आज ऐंशीच्या घरात असलेल्या पिढीने तारुण्यात ‘सायगॉन’ हे नाव वर्तमानपत्रात जवळजवळ रोज वाचलेले आहे. १९७५ साली युद्ध संपले तेव्हा ही माणसे नोकरी-संसाराला नुकती लागलेली होती. आज हो ची मिन्ह सिटी म्हणून ओळखले जाणारे ते शहर आणि त्याच्या दक्षिणेचा हा पाणथळ प्रदेश पाहण्याची त्यांची उत्सुकता तुमच्या-आमच्यापेक्षा जुनी आहे.

बसमधले दोन तास आणि न प्यालेले पाणी

बहुतेक सहली सकाळी आठच्या सुमारास निघतात. सायगॉनपासून सुमारे ७० किलोमीटरवर मी थो हे नदीकाठचे शहर आहे (पत्रिकेत ‘माय थो’ छापलेले असते). तिथे पोहोचायला रहदारीनुसार दीड ते दोन तास लागतात. वाटेत हमरस्त्यावर एक थांबा होतो. तिथली प्रसाधनगृहे पुढच्या ठिकाणांपेक्षा बहुधा अधिक सोयीची असतात. गरज वाटत नसली तरी ज्येष्ठांनी तिथे जाऊन यावे.

दिवसातली पहिली खरी जोखीम इथेच, बसच्या आसनावर सुरू होते. पुढे शौचालय मिळेल की नाही, या धास्तीने आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. माझ्याकडे येणारे सत्तरीतले एक गृहस्थ तर सहलीच्या दिवशी लघवीची गोळीही आपल्या मनाने वगळत आणि वर पाणीही टाळत. दोन्हींचा हिशेब बरोबर जुळतो, असे त्यांचे म्हणणे. तो जुळत नाही. वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते. शरीराला पाणी कमी पडू लागले तरी घसा कोरडा पडल्याचे कळत नाही. मेकाँगच्या मुलखातली हवा वर्षभर दमट. घाम येतो, पण सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. अशा वेळी पाणी कमी पडले की रक्तदाब उतरतो, चक्कर येते, पायात गोळे येतात. ज्यांचे मूत्रपिंड आधीच अशक्त आहे, त्यांच्यावर ताण पडतो तो वेगळाच. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा त्या जातीचे औषध घेणाऱ्यांच्या लघवीवाटे पाणी एरवीही अधिक जाते. त्यांनी तर ही चूक करूच नये.

ज्यांना हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून घेण्यास सांगितलेले नाही, त्यांनी तासाला एक पेलाभर पाणी घोटाघोटाने घ्यावे. मोजून घेण्यास सांगितलेल्यांनी आणि लघवीची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवसाचे वेळापत्रक निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून आणावे. गोळी बंद करावी की तिची वेळ थोडी बदलावी, हा निर्णय त्यांचा. पिण्यासाठी सीलबंद बाटलीचेच पाणी घ्यावे. प्रवासी डायपर ही वस्तू वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही; ती जवळ आहे एवढ्या भरवशावरही माणूस मोकळेपणाने पाणी पितो.

प्रवासात मळमळू नये म्हणून दुकानातून आणलेली गोळी मात्र ज्येष्ठांना देऊ नका. यांतल्या बऱ्याच गोळ्या सुस्ती आणणाऱ्या असतात. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची लघवी त्यांनी अडू शकते आणि विस्मरणाचा आजार असलेल्यांचा गोंधळ वाढू शकतो. नदी इथे संथ आहे. समुद्रासारख्या लाटा नसतात.

मी थोला काही सहली विन्ह त्रांग या एकोणिसाव्या शतकातल्या बौद्ध मंदिरात थांबतात. आवारात उघड्यावर बुद्धाच्या प्रचंड मूर्ती आहेत. त्यांतला पोट सुटलेला हसरा बुद्ध सर्वांच्या छायाचित्रात येतो. आवार मोठे आहे. सगळे पाहिलेच पाहिजे असे नाही. पायांची ताकद पुढच्या धक्क्यासाठी राखावी.

होडीत शिरताना, होडीतून उठताना

मी थोच्या धक्क्यावरून आधी मोठी मोटरबोट मिळते. समोर नदीत चार बेटे आहेत आणि त्यांना ड्रॅगन, एकशिंगी, कासव व फिनिक्स या चार पवित्र प्राण्यांची नावे आहेत. पलीकडचा काठ बेन त्रे, नारळांचा प्रांत. (जुलै २०२५मध्ये झालेल्या फेररचनेत तो कागदोपत्री विन्ह लाँग प्रांतात विलीन झाला, तरी नारळाच्या संदर्भात बेन त्रे हेच नाव चालते.) मोटरबोटीला छप्पर असते, बाके असतात. तिथे फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती त्यानंतरच्या छोट्या होडीत. ही अरुंद, लाकडी, चार प्रवाशांची. पुढे-मागे वल्हवणाऱ्या बहुधा स्त्रियाच, डोक्यावर पानांची निमुळती ‘नॉन ला’ टोपी. दोन्ही बाजूंनी पाणनारळाच्या झावळ्या वर येऊन एकमेकींना टेकलेल्या, खाली गढूळ पाण्याचा चिंचोळा ओढा, आणि वल्ह्याच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नाही. हा प्रवास जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा. सबंध दिवसातली सर्वांत सुंदर आणि सर्वांत जोखमीची मिनिटे हीच.

एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. समुद्र जवळ असल्याने इथल्या ओढ्यांना भरती-ओहोटी असते. त्यामुळे धक्का आणि होडी यांतली उंची तासातासाला बदलते. ओहोटीच्या वेळी पाऊल बरेच खाली टाकावे लागते. गटातल्या कोणी ‘काही नाही हो, एकच पायरी आहे’ असे सांगितले तरी आपण स्वतः धक्क्यावर उभे राहून ती पायरी पाहावी आणि मग ठरवावे.

शिरताना दोन्ही हात मोकळे हवेत. पिशवी, काठी, मोबाईल दुसऱ्याच्या हाती द्यावे. आधाराला हाताचा पंजा नव्हे, मनगटावरचा हात धरावा. घामाने पंजा निसटतो. पाऊल होडीच्या काठावर नव्हे, मधोमध टाकावे आणि टाकताक्षणी खाली बसावे. उभे राहून मागच्याची वाट पाहू नये. जीवरक्षक जाकीट धक्क्यावरच अंगात घालून पट्टे बांधून घ्यावेत. उकडते म्हणून ते मांडीवर ठेवलेले मी पाहिले आहे, त्याचा काही उपयोग नाही.

उतरण्याकडे लोकांचे लक्ष कमी असते. वास्तविक पडण्याचा प्रसंग तेव्हाच अधिक. वीस मिनिटे उकाड्यात खाली बसून राहिले की रक्त पायांत साचते आणि एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब झटकन खाली येतो. रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या घेणारे, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणारे आणि मधुमेह जुना असलेले यांना हे विशेष जाणवते. घरी अशा वेळी माणूस भिंतीला हात लावतो. होडीत भिंत नसते. म्हणून धक्का जवळ आला की बसल्या बसल्याच घोटे वर-खाली वीसेक वेळा हलवावेत, दोन-चार दीर्घ श्वास घ्यावेत, सर्वांना उतरू द्यावे आणि शेवटी सावकाश उठावे. थांबण्याची लाज वाटू नये. वल्हवणाऱ्या बायका घाई करीत नाहीत. घाई करतो तो आपलाच गट.

हे झेपेल की नाही, याची तालीम घरी करता येते. साधारण वीतभर उंचीच्या चौरंगावर बसा आणि एका हाताच्या आधाराने उठून दाखवा. हे जमले तर होडी जमण्याची शक्यता चांगली. गुडघा बदललेला असेल, कंपवात असेल किंवा उठताना भोवळ येत असेल, तर छोटी होडी वगळावी. ती वगळली म्हणजे दिवस वाया गेला असे मुळीच नाही. बेटांवर विटांच्या वाटांवरून विजेवर चालणाऱ्या गाड्याही फिरतात. मार्गदर्शकाला आदल्या दिवशी सांगितले, तर कोणा एकासाठी ती व्यवस्था बहुधा होऊ शकते. पावसाळी दिवसांत, म्हणजे तिथे मे ते नोव्हेंबर, या वाटांवर शेवाळ धरते. मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची पादत्राणे हवीत, चपला नकोत.

हाताला आठवणारी कामे

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या, एक गुडघा बदललेला. छोटी होडी त्यांनी स्वतःच नाकारली. माझे यजमान त्यांच्याजवळ थांबले आणि मी होडीतून फिरून आले. काळजी घेणाऱ्यांनी अशी पाळी लावून घ्यावी, नाहीतर सहल त्यांचीही होत नाही. परत येऊन पाहते तो सासूबाई एका घराच्या पडवीत चुलीपाशी बसलेल्या. तिथे तांदळाचे कागद, म्हणजे ‘बान्ह त्रांग’, चालले होते. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर फडके ताणून बांधायचे, त्यावर तांदळाचे पातळ पीठ पळीने गोल पसरायचे, झाकण ठेवायचे, थोड्याच वेळात शिजलेला पारदर्शक पापुद्रा काठीवर उचलून बांबूच्या जाळीवर वाळत टाकायचा. ‘ही तर आपली फेणी!’ सासूबाई म्हणाल्या. तांदूळ आपल्यासारखा तीन दिवस भिजवता का, हे त्यांनी खुणेने विचारले. त्या बाईंनी एक बोट दाखवले: एक रात्र. मग पळी सासूबाईंच्या हाती आली. पहिला कागद फाटला, दुसरा बरा झाला, तिसऱ्याला त्या घरच्या मुली टाळ्या वाजवू लागल्या.

पर्यटकांसाठी मांडलेला हा देखावा आहे, अशी टीका ऐकू येते आणि ती निराधार नाही. पण हातांना तो फरक कळत नाही. आयुष्यभर केलेल्या कामाची हातांना असलेली आठवण ही मेंदूतली निराळी व्यवस्था आहे. नावे, तारखा, सकाळचे बोलणे विसरू लागलेल्या माणसाचेही लाटणे, विणणे, निवडणे बराच काळ शाबूत राहते. म्हणून सौम्य विस्मरण असलेल्या आई-वडिलांना अशा ठिकाणी नुसते खुर्चीवर बसवून छायाचित्र काढण्यापेक्षा हातात काहीतरी काम द्यावे. एक खबरदारी मात्र हवी: पाण्याच्या काठी अशा व्यक्तीसोबत कायम एक नेमलेला माणूस असावा आणि हॉटेलचे नाव-पत्ता व्हिएतनामी लिपीत लिहिलेले कार्ड तिच्या खिशात असावे. संध्याकाळ झाली की अशांचा गोंधळ वाढतो. दिवेलागणीपूर्वी हॉटेल गाठणारी सहल निवडावी. सकाळी कु ची आणि दुपारी मेकाँग अशी एकाच दिवसात कोंबलेली सहल तर धडधाकट ज्येष्ठांसाठीही नको.

बेन त्रेमध्ये नारळाचा कोणताही भाग फुकट जात नाही, ही गोष्ट आपल्या कोकणी वाचकांना सांगायला नको. करवंटीच्या वाट्या, माडाच्या लाकडाचे चमचे आणि जेवणाच्या काड्या, काथ्याचे दोर, झावळ्यांची छपरे. नारळाची चिक्कट गोळी हा इथला प्रसिद्ध उद्योग. नारळाचे घट्ट दूध, साखर आणि धान्याच्या माल्टचा पाक मोठ्या कढईत आटवतात, साच्यात ओतून पट्ट्या पाडतात आणि बायका विजेच्या वेगाने एकेक तुकडा आधी खाण्याच्या तांदूळ-कागदात व मग वेष्टनात गुंडाळतात. आतला तो पातळ कागद सोलत बसू नये, तो खायचाच असतो.

काही सहलींत लव्हाळ्याच्या चटईचा माग दाखवतात. दोघी बायका लागतात: एक जण लांब काठीच्या टोकाला लव्हाळ्याची काडी अडकवून ताण्यातून आरपार सारते, दुसरी फणी ओढून ती ठोकून बसवते. दोघींचा ताल इतका पक्का की कोणी कोणाकडे पाहत नाही. आणि मला सर्वांत नवल वाटले ते जलपर्णीचे. पुण्याच्या मुळा-मुठेत जिच्या नावाने आपण बोटे मोडतो, तीच वनस्पती. इथे तिचे देठ कापून, वाळवून टोपल्या आणि पिशव्या विणतात. टोपली वजनाला हलकी, ज्येष्ठांनी आणायला सोयीची.

या प्रदेशाचे दुखणेही पाहणाऱ्याला दिसते. कोरड्या ऋतूत नदीचा जोर कमी झाला की समुद्राचे खारे पाणी आत शिरते. २०१६ आणि २०२० साली बेन त्रेच्या लोकांना त्याचा फार मोठा फटका बसला, पिण्याच्या पाण्याचीही ओढाताण झाली. वरच्या अंगाची धरणे, नदीतला वाळूउपसा, खचत चाललेली जमीन अशी कारणे एकात एक गुंतलेली आहेत. अंगणात पावसाच्या पाण्याचे रांजण दिसले, तर ते शोभेचे समजू नये.

ताटातले हिशेब

मधाच्या चहापासून खाण्याला सुरुवात होते. लहान पेल्यात मध, छोट्या आंबट संत्र्याचा रस आणि चहा. सोबत आल्याच्या, केळ्याच्या साखरेतल्या चकत्या. पुढच्या थांब्यावर नारळाच्या गोळ्यांच्या चार चवींचे नमुने, त्यापुढे फळांची थाळी. यांतला एकेक पदार्थ मधुमेहींना चाखण्यास हरकत नाही. घोटाळा होतो तो बेरजेत, कारण हे सगळे तास-दीड तासात पोटात जाते आणि जेवण अजून व्हायचे असते. कोणते एक-दोन गोड पदार्थ घ्यायचे, हे सकाळीच ठरवून ठेवावे. उलट टोकही ध्यानात असावे: ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन सातच्या न्याहारीला घेतले आणि जेवण एक वाजेपर्यंत लांबले, तर साखर उतरू शकते. घाम आणि थरथर उकाड्याची समजून दुर्लक्ष होते. साखर मोजण्याचे यंत्र आणि ग्लुकोज खिशात हवे, बसच्या पोटातल्या बॅगेत नव्हे.

फळे खाताना बहुधा गाणे असते. ‘दॉन का ताय तु’ हे दक्षिण व्हिएतनामचे घरगुती मैफलीचे संगीत. २०१३मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. चंद्राकार वीणा, दोन तारांचे सारंगीसारखे वाद्य, आणि पायाने वाजवायचा एक छोटा लाकडी ठोका, त्यावर ताल. आपल्या गायकीशी परिचय असलेल्यांना स्वरांतली मींड ऐकून परके वाटत नाही. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकले आणि फळांकडे त्यांचे दुर्लक्ष झाले, हा त्यांच्या साखरेच्या दृष्टीने लाभच.

त्या फळांबद्दल दोन गोष्टी डॉक्टर म्हणून सांगणे भाग आहे. आडवे कापले असता ताऱ्यासारखे दिसणारे पाच धारांचे फळ, म्हणजे स्टारफ्रूट, आपल्याकडचे कमरख, हे मूत्रपिंडाच्या आजारात खाऊ नये. निकामी होत चाललेली मूत्रपिंडे त्यातील विषारी द्रव्य बाहेर टाकू शकत नाहीत. न थांबणारी उचकी, संभ्रम, झटके असे गंभीर परिणाम होतात. डायलिसिसवरील रुग्णांना तर एखादी फोडही नको. हेच फळ जेवणातल्या हिरव्या पाल्याच्या ताटातही कच्चे, पातळ चकत्या करून येते, तेव्हा नीट पाहावे. दुसरे, पपनस. बेन त्रेचे हिरव्या सालीचे पपनस फार रसाळ. पण ते ग्रेपफ्रूटच्या कुळातले असल्याने कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, तसेच अवयवरोपणानंतरची औषधे यांचे रक्तातले प्रमाण वाढवू शकते. आपली औषधे त्यात बसतात का, हे आधी विचारून घ्यावे. शहाळ्याचे पाणी निर्मळ खरे, पण त्याच्या एका पेल्यात साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. मूत्रपिंड अशक्त असणाऱ्यांनी, किंवा स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे घेणाऱ्यांनी दिवसभर शहाळ्यांवर राहू नये.

जेवणातला मानाचा पदार्थ म्हणजे ‘हत्तीच्या कानाचा’ मासा. अख्खा तळून लाकडी घोडीवर उभा करून आणतात. त्याचा तुकडा, शेवया, पाला हे ओलसर तांदूळ-कागदात गुंडाळून चटणीत बुडवून खायचे. चव अप्रतिम. पण ज्यांना वरची कवळी आहे त्यांची टाळू झाकलेली असते, त्यामुळे काटा तोंडात कळत नाही आणि थेट घशात जातो. त्यांचा घास दुसऱ्याने सोडवून द्यावा. अर्धांगवायूनंतर किंवा कंपवातात गिळण्याचा त्रास असेल, तर हा चिवट कागदही टाळावा आणि ती चिकट नारळगोळीही. चटणीचा पाया असतो ‘नुओक माम’, म्हणजे आंबवलेल्या माशांचा खारट अर्क. निव्वळ अर्काच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १,४०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २,०००. वाढताना तो पाणी, लिंबू, साखर घालून सौम्य केलेला असतो, तरी रक्तदाबवाल्यांनी घास बुडवू नये, नुसता टेकवावा.

शाकाहारी वाचकांनी ‘आन चाय’ एवढे दोन शब्द पाठ करावेत. चहाशी त्यांचा संबंध नाही. त्यांचा अर्थ शाकाहार. बौद्ध परंपरेमुळे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक व्हिएतनामी माणसे स्वतःच शाकाहार पाळतात, त्यामुळे ही मागणी त्यांना विचित्र वाटत नाही. मात्र भाजीतही नुओक माम पडतो, तो नको असे निराळे सांगावे लागते. चटणीत शेंगदाणे असतात, हे ॲलर्जी असणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

साप घातलेली दारू सांधेदुखीवर म्हणून पुढे केली जाते. तिच्या औषधीपणाला काही आधार नाही, तिच्यापासून अपाय मात्र संभवतो. परागकण आणि ‘रॉयल जेली’ यांच्या बाटल्यांचीही तीच गत. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांना त्यांनी त्रास होऊ शकतो. अजगर गळ्यात घालून छायाचित्र काढण्याबद्दल काय सांगावे!

कोणी जाऊ नये

गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात झालेल्यांनी आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या लेखी संमतीखेरीज जाऊ नये. थोडे चालल्यावर धाप लागणारे, पायांवर सूज असलेले आणि त्या दिवशी ताप किंवा जुलाब असलेले यांनी हॉटेलवर राहावे. नदीच्या आत गेल्यावर मोठे रुग्णालय दोन-अडीच तास दूर असते. तिथला रुग्णवाहिकेचा क्रमांक ११५. प्रवासविम्यात जुने आजार धरलेले आहेत ना, हे निघण्यापूर्वी वाचून घ्यावे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिलमध्ये उकाडा असह्य होतो.

डास चावतात ते दिवसा, आणि डेंग्यू या प्रदेशात नेहमीचा आहे. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायमोजे आणि उघड्या त्वचेवर डास पळवणारे मलम लावावे. परतल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांना आपण कुठून आलो ते आवर्जून सांगावे आणि रक्ततपासणी होईपर्यंत अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी आपल्या मनाने घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तापाच्या पहिल्याच दिवशी फोन करावा.

नारळाच्या गोळ्यांचे डबे आप्तांना वाटायला भरपूर आणले जातात. त्यांतला एक जेवणाच्या टेबलावर उघडा राहतो, त्यावर नजर असू द्या.